‘सुंदर आत्म्या’च्या घरातली भट्टी

गेले काही दिवस एक मजकूर या ना त्या ग्रुपवरून माझ्यापर्यंत येतोय. त्याचा सारांश असा: ‘सुझाना फोन क्लेटेनबर्ग ही जर्मनीतली मोरावियन साध्वी. जन्मभर अंथरुणाला खिळलेली. आजारानेच तिला देव दाखवला. तिने औषधाला कधी हात लावला नाही, जगाकडे पाठ फिरवली आणि स्वतःची कहाणी ‘एका सुंदर आत्म्याची कबुली’ या नावाने लिहून ठेवली.’ खाली जोडलेल्या हातांच्या चार इमोजी.

बाई खऱ्या आहेत, आजारही खरा आहे. बाकीचं मात्र एकेक करून तपासायला हवं.

आधी ती ‘कबुली’. ती सुझानाबाईंनी लिहिलेलीच नाही. ती जर्मन कवी-कादंबरीकार गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ या कादंबरीचा सहावा भाग आहे आणि छापली गेली १७९५ मध्ये. बाई वारल्या १७७४ च्या डिसेंबरात, म्हणजे एकवीस वर्षं आधी. त्यांच्या गप्पांतून आणि पत्रांतून ही कबुली उभी राहिली, असं गटेने स्वतः सांगितलंय. पण सामग्री बाईंची असली तरी लेखणी कादंबरीकाराची आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नायिकेचं चरित्र उचलून बाईंच्या नावावर चढवलं, आणि पुढचा बराच घोळ तिथूनच सुरू होतो.

‘आजाराने देव दाखवला’ हे त्याचंच उदाहरण. कादंबरीतली निवेदिका सांगते, की आठव्या वर्षाच्या सुरुवातीला तिला रक्ताची उलटी झाली, नऊ महिने ती पडून होती आणि तिच्या सगळ्या विचारांचा पाया तिथे घातला गेला. ही कथेची सोय आहे. प्रत्यक्षातल्या बाईंबद्दल गटे आत्मचरित्रात लिहितो ते फार वेगळं आहे. त्या आजाराला आपल्या या तात्पुरत्या ऐहिक असण्याचा एक अपरिहार्य भाग मानत, दुखणं कमालीच्या धीराने सोसत आणि वेदना थांबल्या की उत्साहाने बोलत बसत. म्हणजे आजार त्यांचा गुरू नव्हता, शिक्षा नव्हता, देवाने धाडलेला निरोपही नव्हता. तो होता, इतकंच. मला यातला कोरडेपणा फार आवडतो.

‘मोरावियन’ हा शब्दही जपून वापरावा लागेल. मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी १७२२ मध्ये सॅक्सनीत काउंट त्सिन्झेनडोर्फच्या जमिनीवर हेर्नहूट हे गाव वसवलं. तिथे उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती बंधुसंघाचे लोक म्हणजे मोरावियन. (याच संघाचं मिशन पुढे आपल्याकडे लाहौलमध्ये केलाँगला आलं आणि १८८५ मध्ये लेहला पोचलं.) फ्रँकफर्टच्या प्रतिष्ठित घराण्यातल्या सुझानाबाई या मंडळींच्या अगदी जवळच्या होत्या. त्यांचा नीटनेटका पोशाखही हेर्नहूटच्या बायकांची आठवण करून देणारा होता. पण त्यांनी संघात रीतसर प्रवेश घेतला नाही. कादंबरीतली निवेदिका स्वतःला आपल्याच मर्जीने झालेली हेर्नहूटची भगिनी म्हणते. एवढी एक गोष्ट मात्र बाईंना चपखल बसते.

आता औषधाचं. इथे फॉरवर्ड नुसता चुकत नाही, सपशेल आडवा पडतो. १७६८ मध्ये एकोणीस वर्षांचा गटे लाइपझिगहून आजारी होऊन फ्रँकफर्टला घरी परतला. त्याच्या आईची आणि सुझानाबाईंची मैत्री होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याची प्रकृती इतकी बिघडली, की घरच्यांचा धीर सुटला. तेव्हा डॉक्टरांनी स्वतः बनवलेलं एक गूढ क्षार त्याला दिलं आणि तो सावरू लागला. हे डॉक्टर, योहान फ्रीडरिश मेट्झ, याच भाविक वर्तुळातले. श्रद्धा एका बाजूला आणि औषध दुसऱ्या बाजूला, अशी भिंत या घरांत नव्हतीच.

सुझानाबाईंची मजल त्याच्याही पुढे गेली होती. वेलिंग नावाच्या लेखकाचा किमयेवरचा, म्हणजे जुन्या गूढ रसायनविद्येवरचा, जाडजूड ग्रंथ त्यांनी गुपचूप वाचून काढला होता. आईवडील, भावंडं मागे उरली नव्हती. मोठ्या घरात त्या एकट्या राहत. तिथे त्यांनी छोटी भट्टी, चंबू आणि बकपात्रं आणून ठेवली होती आणि लोखंडावर प्रयोग चालवले होते. लोखंडात रोग बरे करणारी शक्ती दडलेली आहे, ती मोकळी करता आली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. आजच्या रसायनशास्त्रात हे टिकणार नाही, ते सोडा. पण आपल्या दुखण्यासह भट्टीपुढे बसणारी ही बाई औषधाला हात न लावणारी कशी ठरते?

‘जगाकडे पाठ’ हेही तसंच. दुखणं वाढल्यावर त्या खिडकीपाशी आरामखुर्चीत बसत आणि गटे त्यांना मिशनऱ्यांची पत्रं वाचून दाखवी. ती ऐकायला त्यांना आवडत. वाचता वाचता हा पोरगा मिशनऱ्यांविरुद्ध, ते जिथे धर्मप्रसाराला गेले तिथल्या लोकांची बाजू घेई. त्यांचं आधीचंच बरं होतं म्हणे. बाई तरीही शांत आणि प्रेमळच राहत, त्याच्या उद्धाराची चिंता करत बसत नसत. पाठ फिरवलेल्या माणसाकडे अशी बैठक जमत नाही.

वाद मात्र होत. बाईंचं म्हणणं असं, की देवाशी समेट झालेला नाही म्हणून तू इतका अस्वस्थ आहेस. गटेला वाटे, आपलं देवाशी उत्तम चाललंय. उलट देवाकडेच आपली थोडी बाकी निघते आणि आपणच त्याला काही गोष्टी माफ करायला हव्यात. आपली इच्छा एवढी चांगली असताना देवाने जरा जास्त मदत करायला हवी होती, ही त्याची तक्रार. यावर दोघांची वारंवार जुंपे आणि शेवट ठरलेला असे: पोरगा वेडा आहे, त्याचं बरंच काही पोटात घालावं लागतं.