दशावतारात डार्विन शोधताना

मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे सस्तन प्राणी, नरसिंह म्हणजे अर्धा पशू आणि अर्धा माणूस, वामन म्हणजे ठेंगणा आदिमानव, परशुराम म्हणजे कुऱ्हाड वापरणारा वनवासी; तेव्हा डार्विनने 1859 मध्ये जे सांगितले ते आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते आणि म्हणून धर्म व उत्क्रांती यांत वाद उरतच नाही, असा एक संदेश दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येतो. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनीही याच धर्तीचे विधान केले होते. घरी रोज पूजा करणारा आणि वर्गात जीवशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला या मांडणीचा मोह समजतो. मात्र ती विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही आणि पुराणांच्या कसोटीला तर त्याहूनही कमी उतरते.

आधी विज्ञान पाहू. कासव उभयचर नाही, ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातले आहे. चार पायांचे प्राणी सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी अवतरले, तर कासवांचे सर्वांत जुने जीवाश्म 22 कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. माशापासून कासव, कासवापासून डुक्कर आणि डुकरापासून माणूस अशी शिडी उत्क्रांतिवादात कुठेही नाही. तेथे फांद्या फुटत जाणारे झाड आहे. त्या झाडावर डुक्कर आणि सिंह एकमेकांना जितके जवळ आहेत तितके ते माणसाला नाहीत. उलट गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर वराहापेक्षा आपला जवळचा नातलग ठरतो, आणि संदेश लिहिणाऱ्याने त्याला यादीत जागाच दिलेली नाही.

खरा पुरावा कसा असतो ते ज्याला पाहायचे आहे त्याने आपलाच दंड चाचपून पाहावा. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे आणि पुढे बारीक हाडांचा जुडगा. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समियर बेटावर 2004 मध्ये सापडलेल्या टिक्टालिक या साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या माशाच्या पोहण्याच्या पराच्या हाडांत हीच रचना ओळखू येते. संशोधकांनी तेथे खणले तेही असा प्राणी ज्या काळातल्या खडकांत असायला हवा ते खडक तेथे उघडे पडले आहेत हे हेरूनच. अमुक जागी अमुक सापडेल असे आधी सांगण्याची सोय दशावताराच्या यादीत नाही, आणि ती यादी त्यासाठी रचलेलीही नव्हती.

आता पुराणांकडे वळू. मत्स्य हा पहिला जीव असेल, तर मग मनू कोण? शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली कथा अशी आहे की सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा आला, तो वाढत गेला तसा मनूने त्याला आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडले, आणि पुढे प्रलयात त्याच माशाच्या शिंगाला आपली नाव बांधून तो तरला. म्हणजे मासा येण्याआधी माणूस आहे, घागर आहे आणि नावही आहे. कोकणातल्या दशावतारी खेळात वेद चोरणारा काळ्या पोशाखातला संकासुर ज्याने पाहिला असेल, त्याला तर वेदही माशाच्या आधीचे आहेत हे समजावून सांगायलाच नको. नरसिंहाच्या वेळी हिरण्यकशिपूचे राज्य आहे, वामनाच्या वेळी बळीचा यज्ञ चालू आहे. ज्याचे राज्य परत यावे म्हणून आपल्याकडे आजही औक्षण करताना म्हटले जाते, त्या बळीच्या दारी आदिमानव भिक्षा मागायला आला असे मानायचे काय? शिवाय परशुराम रामाला भेटतो आणि महाभारतात कर्णाला अस्त्रविद्याही शिकवतो. उत्क्रांतीचे टप्पे असे गप्पा मारत बसत नाहीत.

यादीचा क्रमही सर्वत्र एक नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार मोजले आहेत. त्यात वराह दुसरा, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा आहे.

‘डार्विनच्या आधी’ हा दावाही टिकत नाही. अवतारांचे हे समीकरण ठळकपणे मांडले गेले ते डार्विनच्या ग्रंथानंतर: 1877 मध्ये थिऑसॉफिस्ट ब्लाव्हाट्स्की यांनी आणि 1882 मध्ये ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी. अवतार या शब्दाचा अर्थच खाली उतरणे असा आहे. ईश्वर स्वेच्छेने, धर्मरक्षणासाठी उतरतो आणि काम झाले की जातो. गीतेच्या चौथ्या अध्यायात हेच प्रयोजन सांगितले आहे. मत्स्याला कूर्म झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या होणारे बारीक फरक, त्यांचा वारसा आणि परिस्थितीने केलेली निवड हा डार्विनच्या सिद्धांताचा गाभा आहे, आणि त्यातले काहीच या कथांत नाही.

राहिला वाद मिटल्याचा दावा. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, म्हणून डार्विन चुकीचा आहे, असे म्हटले आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढावे लागले. ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तेव्हा त्या भाषणाचे कौतुक झाले, त्याच गटात आज दशावताराचे कोष्टक फिरते. डार्विन खोटा असेल तर त्याचे श्रेय ऋषींना कशासाठी द्यायचे, हे कोणी विचारत नाही.

श्रद्धा आणि उत्क्रांती यांचा मेळ घालायचा असेल, तर मला त्यासाठी ऋग्वेदाचे नासदीय सूक्त अधिक उपयोगी वाटते. ‘अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन’, म्हणजे देवसुद्धा या सृष्टीच्या निर्मितीनंतरचे आहेत, मग ती कोठून आली हे कोणाला ठाऊक, असे तो ऋषी विचारतो, आणि परम व्योमात बसलेल्या अध्यक्षालाही ते कदाचित ठाऊक नसेल असे म्हणून तेथेच थांबतो. त्या सूक्तात ना मासा आहे ना कासव, त्यामुळे वर्गात टिक्टालिकचे चित्र फळ्यावर काढताना मला त्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही.