टिकली हनुवटीवर!

नवरात्र आलं की माझ्या चेहऱ्याला नळ फुटतो. गरब्याची पहिली फेरी संपत नाही तोच कपाळावरून धार, काजळ गालावर, टिकली हनुवटीवर! मग सुरू होते सल्ल्यांची फेरी. "अगं, पावडर लाव." लावली. कणीक मळली गेली. "वॉटरप्रूफ मेकअप कर." अहो, तो बाहेरच्या पाण्यासाठी, इथे आतून कारंजं उडतंय! "पुसू नकोस, नुसतं टिप." दोन्ही हातांत दांडिया. टिपू कशाने, कोपराने?

त्यात मुंबईचा ऑक्टोबर. हवेत आधीच इतकी वाफ, की घाम वाळायचं नावच घेत नाही. आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड कसं व्हावं? मग शरीर म्हणतं, सोड अजून! दहा किलोचा घागरा, पण खिसा एक नाही. काल कमरेला पंचा खोचला, तर जाऊबाई म्हणाल्या, "पोळ्या टाकून थेट आलीस का?"

आणि ती समोरची! तीन तास नाचून कोरडी ठक्क. वर मलाच विचारते, "बरं वाटत नाहीये का गं?"

वाटतंय! मस्त वाटतंय! तू फक्त त्या पंख्यासमोरून सरक.