माझा चौदा नंबर रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी गेला

आज सकाळी फोन हातात घेतला तर आमच्या फुटबॉल मॅनेजरच्या ऑनलाइन गेमचं नोटिफिकेशन. "रिलीज क्लॉज भरला गेला आहे. खेळाडूची ट्रान्सफर पूर्ण. रक्कम खात्यात जमा." वेळ रात्री ३ वाजून १२ मिनिटं. मी गाढ झोपेत, आणि माझा चौदा नंबर दुसऱ्याच्या संघात जाऊन बसलेला. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

जे आमच्या लीगमध्ये नाहीत त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक खेळाडूच्या करारात एक रक्कम लिहिलेली असते, तोच रिलीज क्लॉज. समोरच्या मॅनेजरने ती पूर्ण मोजली की तुम्हाला कुणी विचारत नाही. नाही म्हणायला बटणच नाही. सिस्टिम खेळाडू उचलते, पैसे टाकते, विषय संपला.

हा पोरगा अकादमीतून आला तेव्हा १६ वर्षांचा होता, नावापुढे दीड तारा. डावा पाय चांगला, बाकी सगळा आनंद. ग्रुपवर निम्म्या लोकांनी सांगितलं, सोडून दे, पगार वाया जाईल. मी नाही सोडला. सहा सीझन दर आठवड्याचा खास ट्रेनिंगचा स्लॉट मी त्याला दिला. एकच स्लॉट मिळतो, हे खेळणाऱ्यांना माहीत आहे. तो स्ट्रायकरला दिला असता तर दोन सीझन आधीच वरच्या डिव्हिजनला गेले असते.

आणि ती कपची सेमीफायनल! लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, कार्डांमुळे बाहेर, म्हणून या १७ वर्षांच्या पोराला उतरवलं. ७१व्या मिनिटाला त्याच्याच फाउलवर पेनल्टी गेली, १-१. बदलायला बोट बटणावर ठेवलं होतं मी. नाही दाबलं. ८८व्या मिनिटाला पडद्यावर ओळ आली, "डावीकडून क्रॉस...", आणि पुढची ओळ यायला जे काही सेकंद लागले ते मला अजून आठवतात. गोल. त्या दिवसापासून तो माझा चौदा नंबर.

आता ग्रुपवर उत्तर काय? "अगं, पैसे तर मिळाले ना, तेही बाजारभावाच्या तिप्पट!"

पैशांचं काय लोणचं घालू? ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडू घ्यायची मुदत, बंद व्हायला दोन दिवस उरलेत. माझ्या खात्यात किती आले ते सगळ्या लीगला दिसतंय. सकाळपासून तीन लेफ्ट बॅकची चौकशी केली, तिघांचे भाव कालच्या दुप्पट. हे काही नवीन नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नेमारच्या क्लॉजचे २२.२ कोटी युरो बार्सिलोनाला मिळाले. मग त्यांनी त्याच महिन्यात डेम्बेलेला १०.५ कोटी आणि वर बोनस देऊन आणलं, जानेवारीत कुटिन्होवर आणखी उधळले. विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं यांच्या खिशात काय आहे. डेम्बेले पुढच्याच महिन्यात जायबंदी झाला. एवढा मोठा क्लब घाईत फसतो, तिथे मी कोण!

दुसरा मुद्दा हमखास येणार, म्हणून आधीच बोलते. "खऱ्या फुटबॉलमध्ये पण असंच असतं." नाही हो, असं नसतं! स्पेनमध्ये १९८५ च्या नियमाने करार मधेच मोडून जायचा हक्क *खेळाडूला* दिला, आणि क्लॉजची रक्कम ही त्याची भरपाई. नेमारच्या वेळी पैसे घेऊन बार्सिलोनाच्या ऑफिसात गेले ते त्याचे वकील. २००० मध्ये फिगो बार्सिलोना सोडून रियाल माद्रिदला गेला, लोकांनी त्याला गद्दार म्हटलं, पण म्हटलं कारण तो स्वतः गेला होता. बॉसमन या खेळाडूच्या खटल्याचा १९९५ चा निकाल घ्या, करार संपला की मोकळं जाता येतं, तोही खेळाडूच्या मोकळिकीचाच. तिथे क्लबचं ऐकत नाहीत कारण माणसाचं ऐकतात. आपल्या गेममध्ये क्लबलाही विचारत नाहीत आणि खेळाडूलाही नाही. माझ्या पोराची निष्ठा प्रोफाइलवर २० पैकी १९ दाखवत होती. तो आकडा मग ठेवलाय कशाला?

हो, क्लॉज नसता तर जुन्या लोकांनी चांगली पोरं वीस-वीस सीझन दाबून ठेवली असती. मान्य.

आणि हेही मान्य की त्याच्या कराराच्या मागच्या नूतनीकरणात क्लॉज वाढवायचा पर्याय होता. पगार बराच चढत होता, म्हणून मी जुन्याच रकमेवर सही केली. माझ्या संघातल्या इतरांच्या बाबतीत तरी असं होऊ नये म्हणून आज दुपारी बसून सगळ्यांचे करार तपासले. चार जणांचा क्लॉज बाजारभावाच्या खाली गेला होता, कारण ते सुधारत गेले आणि रक्कम तिथेच राहिली. तुम्हीही आजच बघा. अकादमीतली पोरं आधी बघा, त्यांचाच भाव सगळ्यात झपाट्याने चढतो. आणि ज्याच्यावर संघ उभा आहे त्याच्या जागी एक पोरगा तयार ठेवा. मी ठेवला नव्हता.

ॲडमिनदादा, तुम्ही वाचत असाल तर हात जोडून सांगते. प्रायव्हेट लीगच्या सेटिंगमध्ये २४ तासांची मुदत लावता येते. क्लॉज भरला की जुन्या मॅनेजरला एक दिवस द्या, नवा करार पुढे करू द्या, आणि निष्ठेच्या आकड्यावर पोराला ठरवू द्या. जायचं असेल तर जाईल, मी अडवणार नाही. पण रात्री ३ वाजता नको. ज्याने नेला त्याच्यावर माझा राग नाही, त्याने नियमातच खेळलंय. सकाळी मी त्याला जे लिहिलं ते आता डिलीट केलंय.

इतका वेळ लिहिताना एक गोष्ट टाळत होते. चार सीझनपूर्वी एक नवीन मॅनेजर आला होता, त्याचा १८ वर्षांचा स्ट्रायकर मी असाच क्लॉज भरून आणला. मलाही तेव्हा फार हुशारी वाटली होती. त्याने मला एकच ओळ पाठवली होती, "त्याला मीच शिकवलं होतं." मी उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने गेम सोडला आणि त्याचा क्लब कॉम्प्युटरकडे गेला.

त्या सेमीफायनलचा ८८व्या मिनिटाचा क्रॉस ज्याने गोलात घातला, तो हाच स्ट्रायकर.

आत्ता त्या मॅनेजरचं प्रोफाइल उघडलं. शेवटचं लॉगिन चार सीझनपूर्वीचं. तरी त्याच्या त्या ओळीखाली उत्तर लिहिलंय. वाचेल की नाही माहीत नाही. शनिवारची मॅच चौदा नंबरच्या नव्या क्लबशीच आहे, लाइनअप अजून भरलेली नाही.