मध्यवर्ती ठिकाण

समुद्रावर जायचं ठरलं तेव्हाच बाबा म्हणाले होते, "चिपळूणहून गुहागर तास-सव्वा तासावर. तिथे फुकट दिसतो." पण आई-बाबा एवढ्या लांब इंग्लंडात, रेडिंगला आमच्याकडे येणार आणि आपण त्यांना सुपरमार्केट दाखवून परत धाडणार, हे काही बरं दिसत नाही. मेअखेरच्या सोमवारच्या सुट्टीला जोडून इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटच्या किनाऱ्यावर तीन रात्री, एवढं एकमताने ठरलं. एकमत तिथेच संपलं.

कारण ज्युरासिक कोस्ट म्हणतात तो पट्टा डेव्हनपासून डॉर्सेटपर्यंत 95 मैलांचा आहे. चिरंजीवांना शाळेत तिथे जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग शिकवलेली, म्हणून त्यांना पश्चिमेला लाइम रीजिसकडे जाऊन जीवाश्म गोळा करायचे होते. बायकोला पार पूर्वेच्या स्वॉनेजहून वाफेच्या गाडीत बसून कॉर्फचा पडका किल्ला बघायचा होता. मला मधल्या डर्डल डोअरच्या दगडी कमानीसमोर फोटो हवा होता. आईची एकच अट. "जिना नको रे, गुडघे बोलतात."

मी एक्सेल उघडलं. सुट्टीला भाड्याने मिळणारी पंचवीस घरं, अकरा रकाने. दोन रात्री जागून मला जाहिरातींची भाषा कळायला लागली. 'समुद्राची झलक' म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीतून मान तिरकी केली की दोन धुराड्यांच्या मधे दिसणारी निळी चिंधी. 'जुन्या वळणाचं घर' म्हणजे तुळई बरोब्बर कपाळाच्या उंचीवर. 'निवांत' म्हणजे दूध आणायला गाडी काढा.

शेवटी मी जे केलं ते कुठलाही मराठी इंजिनिअर करेल. मध्य काढला. डॉर्चेस्टरजवळच्या एका खेड्यात बैठं घर सापडलं. लाइम रीजिस पाऊण तास, स्वॉनेज पाऊण तास, जिना नाही. "मध्यवर्ती आहे," मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अरे, पण तिथे आहे काय?" या प्रश्नाला रकाना नव्हता.

तिथे मेंढ्या होत्या.

पाऊण तास हा नकाशाचा पाऊण तास असतो, हेही तिथेच कळलं. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारं हिरवं कुंपण. पहिल्याच वळणावर समोर ट्रॅक्टर. मी आरसे मिटून, मान मोडेस्तोवर मागे बघत, बाजूच्या खोबणीपर्यंत गाडी उलटी नेली. शेजारून जाताना ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट, फक्त एकच, उचललं. तिकडचे आभार तेवढेच असतात. बाबांनी मागच्या सीटवरून विचारलं, "ओळखीचा आहे का रे?"

शनिवारी लाइम रीजिसशेजारच्या चारमथला जीवाश्म शोधायला पोचेस्तोवर दुपार झाली. बाबांनी गाडीतून उतरताच समुद्राकडे एक नजर टाकली. "भरती लागलीय. मागे फिरा." किनारा तासाभरात दरडीपर्यंत भरला. भरती-ओहोटीलाही रकाना नव्हता. रविवारी डर्डल डोअरला वाहनतळापासूनच असा उतार लागला, की आईने खालची कमान वरूनच पाहिली आणि बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. स्वॉनेजला तर आम्ही पोचलोच नाही.

घरात वाइनचे बारा ग्लास, तीन बूच-काढे आणि लाटणं नाही. घरमालकाने स्वागताला ठेवलेली सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली आईने पोळ्यांना घेतली. "सफरचंदाचा रस आहे," बायकोने सांगितलं. "वजनदार आहे गं, पोळी छान सरकते," आई म्हणाली. त्या तीन दिवसांत मनासारखं झालं ते एवढंच.

सोमवारी सकाळी दहाला घर सोडायचं होतं. परतीला वेळ होता म्हणून जवळच्या वेमथला गेलो. सपाट वाळू, सपाट रस्ता, चार पावलांवर चहा, बसायला बाकं. आईने चपला काढून पाण्यात पाय घातले आणि तासभर कुणाशी बोलली नाही. चिरंजीव किल्ला बांधत होते. बायकोने माझ्या फोनवर तो तक्ता उघडला. वेमथ सोळाव्या ओळीत होतं, मीच लाल केलेलं. शेरा : 'समुद्राला फार जवळ. गर्दी.' तिने फोन न बोलता परत दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बाबा हातात चिप्सचा पुडा घेऊन रस्त्यावरचा रंगीत पुतळा बघून आले. राजा तिसरा जॉर्ज. बाबांनी मोबाइलवर त्याची सगळी माहिती काढली होती.

"हा 1789 साली पहिल्यांदा इथे आला, हवापालटाला. मग वर्षानुवर्षं येत राहिला. समुद्रासमोर भावाचं घर होतं, तिथे उतरायचा." त्यांनी एक चिप उचलली. "मध्य नाही काढत बसला."

ती चिप तोंडापर्यंत पोचायच्या आत सीगल घेऊन गेला.

"गुहागरला कावळेसुद्धा विचारून घेतात," बाबा म्हणाले.