सोलापूर स्टेशनात 'काय बी नाही'?

रात्री हुतात्मा एक्सप्रेसने लेक येणार होती, म्हणून स्टेशनवर गेलो होतो. एक नंबर फलाटावर एक पोरगा मोबाईलसमोर उभा राहून रील करत होता. "नवीन स्टेशन झाल्यावर बघू, ह्या जुन्यात काय बी नाही बे." सोलापूरचाच पोरगा, बोलण्यावरनं कळतच होतं. घरी येऊन जेवलो तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलोय.

काय बी नाही? अरे, १८६० साली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरात पोचली. बोरघाटातली लाइन तेव्हा पुरी झाली नव्हती, ती सुरू झाली १८६३ ला. तोवर इकडचा कापूस गाडीने खंडाळ्यापर्यंत, तिथून घाट उतरून खोपोलीला, पुन्हा गाडीत आणि मग मुंबई. मुंबईशी सलग रूळ जोडले जायच्या आधीपासून आपल्याकडे स्टेशन आहे! पुढे हीच लाइन रायचूरला जाऊन मद्रासच्या लाइनीला मिळाली १८७१ मध्ये. कापूस होता म्हणून गाडी आली, गाडी होती म्हणून १८७७ ला आपण जिला 'जुनी गिरणी' म्हणतो ती कापडगिरणी उभी राहिली, आणि गिरण्या होत्या म्हणून आपल्यातल्या निम्म्यांचे आजे-पणजे इथं आले.

माझी आजी अशीच आली. तेलंगणातल्या करीमनगरकडचं पद्मशाली विणकर घर, तिकडं मागाला काम उरलं नव्हतं. वाडीला गाडी बदलून रात्री सोलापूरला उतरले. आजी लहान पोर. न्यायला येणारा नातेवाईक गिरणीत रात्रपाळीला, मग सगळं बिऱ्हाड एक नंबरवर पत्र्याच्या पेटीला टेकून बसून राहिलं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला तशी आजी घाबरून आईच्या पदरात शिरली. एक कानडी हमाल जवळ आला. ह्यांना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, त्याला तेलुगू येत नव्हतं. त्याने हाताने माग चालवून दाखवला, ह्यांनी माना डोलावल्या. पेटी डोक्यावर घेऊन त्याने ह्यांना साखर पेठेपर्यंत पोचवलं आणि पैसे घेतले नाहीत.

हे मी शंभरदा ऐकलंय आणि तरी लिहिताना घसा दाटतोय.

त्या हमालाला कानडी, आजीला तेलुगू आणि स्टेशनवरच्या पाटीला मराठी, ह्याचं कारण रुळांतच आहे. एका अंगाला कुर्डुवाडी, दौंड, पुणे. दुसऱ्या अंगाला होटगी, आणि तिथून दोन फाटे: एक कलबुर्गी-वाडीकडं आणि तिथून हैदराबादला, एक विजापूर-गदगकडं. गदगची लाइन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती तेव्हा दोन गेजचे रूळ, दोन तऱ्हेचे डबे एकाच गावात. आपला रेल्वे विभागसुद्धा १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ ला मध्य रेल्वेत परत आला. तीन मुलखांच्या तोंडावरचं स्टेशन आहे हे. मुंबईच्या स्टेशनासारखे घुमट नाहीत, नसू देत. इथं माणसं उतरली आणि गाव झालं.

आता राग कशाचा ते सांगतो. रोज सकाळी पुकारा होतो, हुतात्मा एक्सप्रेस. कुणाचं नाव आहे हे त्या फलाटावर कुठं मोठ्या अक्षरात वाचायला मिळतं, सांगा मला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पुण्यातच! आणि त्यांच्या नावाची गाडी रोज पुण्याला जाते. आत बसलेल्या पोरांना चारांतली दोन नावं तरी सांगता येतील का? पोरांना कशाला बोलू, आपण सांगितलंय का कधी? १२ जानेवारीला आपण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गडबडीत असतो.

कुणी म्हणेल, चार-चार दिवस नळाला पाणी नाही आणि तू फलक मागतोस. बरोबर आहे, पाणी आधी. लिफ्ट आणि जिनेही लागतात, म्हाताऱ्यांना पेट्या घेऊन पूल चढवत नाही. वंदे भारत आली त्याचाही आनंदच आहे. पण अमृत भारत योजनेत स्टेशनाचं रूप पालटणार असेल, तर एक भिंत ह्या गोष्टीला द्या. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, चारही भाषांत लिहा. कापूस, गिरण्या, चौघे हुतात्मे, आणि कुठूनकुठून आलेली विणकर माणसं. आजी मरेपर्यंत स्टेशनला गेली की एक नंबरच्या त्या टोकाला आधी जायची आणि तिथं थोडा वेळ टेकायची. ते टोक कुठलं हे आता मला एकट्यालाच माहीत आहे.

त्या पोराला मी तिथं काही बोललो नाही, लेक आली आणि निघालो. पण रेल्वेला निवेदन द्यायचं पक्कं केलंय. ज्यांच्या घरी जुन्या स्टेशनचे, मीटरगेज गाडीचे, गिरणीच्या पाळीचे फोटो असतील त्यांनी इथं टाका, मागं साल आणि नावं लिहिली असतील तर त्या मागच्या बाजूचाही फोटो टाका. निवेदनाला जोडायचेत. सही करायला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडं या, चहा करतो.