‘सगळे क्रॉन जॉब रूटनेच चालवा’ या सल्ल्याबद्दल

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो: क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) चालत नसेल तर तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, क्रॉनटॅबमध्ये (अशा कामांच्या यादीत) टाका, परवानग्यांची कटकट मिटते, सर्व्हर आपलाच असल्याने त्यात धोका नाही, आणि कोणाला रोखायचेच असेल तर ‘क्रॉन.डिनाय’ ही मनाईची यादी आहेच.

पहिला मुद्दा निदानातच चुकतो. हाताने चालवलेली स्क्रिप्ट क्रॉनमधून अडते, तेव्हा अनेकदा कारण परवानगीचे नसून पाथचे, म्हणजे कमांड ज्या डिरेक्टरींमध्ये शोधली जाते त्या यादीचे, असते. डेबियनवर क्रॉन ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच पाथ देतो, त्यामुळे ‘/यूएसआर/लोकल/बिन’मधली कमांड सापडत नाही, रूटच्या क्रॉनटॅबमध्येही पाथ तोच आणि चूकही तीच.

उलट, परवानग्यांची खरी कटकट रूटमुळेच सुरू होते. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवरच्या साइटवर रोज नवी लॉग फाइल तयार होत असेल आणि तिचा शेड्यूलर (ठरलेली कामे चालवणारा भाग) रूटने चालत असेल, तर मध्यरात्रीनंतरचा पहिला जॉब ती फाइल रूटच्या मालकीची, सहसा ६४४ परवानगीची (मालक लिहू शकतो, इतर फक्त वाचू शकतात), करून ठेवतो. मग वेब सर्व्हरच्या ‘www-डेटा’ या वापरकर्त्याला तीत लिहिता येत नाही आणि सकाळी साइट ५०० ही सर्व्हरची त्रुटी दाखवते. जॉब ‘www-डेटा’च्या क्रॉनटॅबमध्ये ठेवला असता, किंवा ‘/ईटीसी/क्रॉन.डी’मधल्या फाइलीत वेळेच्या पाच रकान्यांनंतरच्या सहाव्या रकान्यात त्याचे नाव लिहिले असते, तर हे घडलेच नसते.

‘सर्व्हर आपलाच आहे’ म्हणताना स्क्रिप्ट कोणाच्या डिरेक्टरीत आहे, हे पाहिले जात नाही. स्क्रिप्ट रूटच्या मालकीची आणि ७५५ परवानगीची (फक्त मालकाला बदलता येईल अशी) असली, तरी ती डिप्लॉय वापरकर्त्याच्या (साइटचा कोड सर्व्हरवर चढवणाऱ्या खात्याच्या) होम डिरेक्टरीत असेल तर तो वापरकर्ता तिचे नाव बदलून त्याच नावाची स्वतःची फाइल तेथे ठेवू शकतो, आणि पुढच्या ठरलेल्या वेळी ती रूट म्हणून चालते. वेब ॲप त्याच वापरकर्त्याने चालत असेल, तर ॲपमधली एक त्रुटी संपूर्ण सर्व्हर हाती देते. नेटवर्क सेवा रीलोड करण्यासारख्या कामाला रूट लागतो हे मान्य, पण त्यासाठी ‘सुडोअर्स’मध्ये (कोण कोणती कमांड रूट म्हणून चालवू शकतो ते ठरवणाऱ्या फाइलीत) तेवढ्या एकाच कमांडची मुभा देता येते.

‘क्रॉन.डिनाय’विषयीचा समज तर अधिक फसवा आहे. ‘क्रॉन.अलाउ’ ही परवानगीची यादी अस्तित्वात असेल तर ‘क्रॉन.डिनाय’ वाचलीच जात नाही. शिवाय डेबियनवर या फाइली केवळ क्रॉनटॅब ही कमांड कोण वापरू शकतो एवढेच ठरवतात. आधीच बसवलेले क्रॉनटॅब चालूच राहते. म्हणून सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे नाव त्या यादीत टाकून काम संपत नाही: आधी ‘क्रॉनटॅब -यू’ला त्याचे नाव देऊन ‘-एल’ने त्याचे जॉब पाहावेत, हवे ते योग्य खात्याकडे न्यावेत आणि मग ‘-आर’ने उरलेले काढावेत. एकदाच चालवायचे काम लावणाऱ्या ‘ॲट’ कमांडसाठी वेगळी ‘ॲट.डिनाय’ असते, आणि सिस्टमडीचे (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचे) टायमर यांपैकी कोणतीच यादी पाहत नाहीत.