कतार, लक्झेंबर्ग आणि सोलापूर: त्या फॉरवर्डचा हिशेब कुठे चुकतो

सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आपला जिल्हा कतारपेक्षा मोठा, लक्झेंबर्गच्या पाचपट. तरी लक्झेंबर्ग, आयर्लंड, कतारचा माणूस वर्षाला कोटभर कमावतो आणि आपण कर्जात. कारण एकच, आपल्याला कष्ट नकोत.’

क्षेत्रफळाचं खरं आहे. जिल्हा 14,895 चौरस किलोमीटर, कतार साधारण 11,600, लक्झेंबर्ग 2,586. पुढचं सगळं चूक आहे. आणि यंत्रमागावर किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात दिवस काढणाऱ्यांना ते आळशी ठरवतं, म्हणून सोडून देता येत नाही.

‘कोटभर कमावतो.’ हा आकडा येतो दरडोई जीडीपीवरून, आणि दरडोई जीडीपी म्हणजे पगार नव्हे. देशात वर्षभरात झालेलं उत्पादन भागिले तिथे राहणारी माणसं, एवढाच तो आकडा. लक्झेंबर्गमधले जवळपास निम्मे नोकरदार रोज सीमेपलीकडून येतात: फ्रान्सच्या थिओनव्हिलहून, जर्मनीच्या ट्रिअरहून, बेल्जियमच्या आर्लोंहून. त्यांचं काम भागाकाराच्या वरच्या आकड्यात, म्हणजे उत्पादनात धरलं जातं; ते स्वतः खालच्या आकड्यात, म्हणजे लोकसंख्येत नसतात. तुळजापूरहून सकाळच्या एसटीने येऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारा कामगार घ्या. टॉवेल सोलापूरच्या उत्पादनात, माणूस धाराशिवच्या लोकसंख्येत. पावणेसात लाखांच्या देशात असे दोन लाखांहून जास्त लोक येत असतील, तर भागाकार फुगणारच.

आयर्लंडचं प्रकरण आणखी वेगळं. 2015 सालची तिथली जीडीपीची वाढ आधी 26.3 टक्के जाहीर झाली. लोकांचे पगार काही तेवढे वाढले नव्हते; परदेशी कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयालाच हा फुगवटा वगळून सुधारित राष्ट्रीय उत्पन्न असा वेगळा आकडा काढावा लागला. 2022 मध्ये तो जीडीपीच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरला. आयर्लंडची तुलना करायची तर हाच आकडा घ्या.

कतारची श्रीमंती 1971 मध्ये सापडलेल्या समुद्राखालच्या वायुसाठ्यावर उभी आहे. तिथे राहणाऱ्यांत स्वतःचे नागरिक अगदी थोडे, बाकी बहुतेक बाहेरून आलेले कामगार. बांधकामावरचा मजूर त्या भागाकारात मोजला जातो, पण सरासरीएवढी रक्कम त्याच्या हातात कधीच पडत नाही.

‘कष्ट नकोत.’ आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीत भारतातला कामाचा आठवडा सरासरी 45 तासांच्या वर आहे, जगातल्या लांब आठवड्यांपैकी एक. जर्मनीत माणूस वर्षाला सुमारे 1,350 तास काम करतो, म्हणजे आठवड्याला 26. फरक तासांत नाही. एका तासामागे यंत्र किती, वीज किती आणि मालाला भाव किती, त्यात आहे.

डॉलरचे रुपये करतानाही गफलत होते. बाजारातल्या विनिमय दराने केलं तर इथली केसांची कटिंग, रिक्षाचं भाडं, शिकवणी हे सगळं कवडीमोल दिसतं. राहणीमान तोलायचं असेल तर क्रयशक्तीनुसार, म्हणजे तेवढ्या पैशात तिथे किती विकत मिळतं ते धरून काढलेला आकडा बघा. एखाद्या देशाला बाहेरून तेल विकत घेणं किती झेपतं हे बघायचं तर विनिमय दराचा.

जिल्ह्याची तुलना करणाऱ्यांनी आधी भाजक तपासावा. सोलापूरचे 43,17,756 लोक हा 2011 च्या जनगणनेचा आकडा. ताजं उत्पादन त्याने भागलं, की आपलं दरडोई उत्पन्नही लक्झेंबर्गसारखंच फुगतं.